महालातल्या बोळासाठी बांधकामाचे नियम लिहिताय? शटर, कूलर आणि उंची आधी; महिरप नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत राहणारे एक सिव्हिल इंजिनिअर आणि त्यांचे शेजारी मिळून आपल्या बोळासाठी नियमांचा मसुदा करताहेत. जुन्या वस्तीचं रूप टिकावं हा हेतू. मसुद्यात सध्या चार गोष्टी आहेत: खिडक्यांना महिरप, सागवानी दार, सगळ्या घरांना एकच मातकट रंग आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. ते विचारताहेत की याचा एखादा तयार नमुना मिळेल का, आणि महापालिका तो मान्य करेल का.

तयार नमुने भरपूर मिळतील. जयपूरच्या बाजारांचे आहेत, अहमदाबादच्या पोळांचे, म्हणजे तिथल्या जुन्या दाट गल्ल्यांचे आहेत, पुदुच्चेरीतल्या फ्रेंच वस्तीचे आहेत. पण त्यातलं एक पानही जसंच्या तसं उचलू नका, कारण तुमची अडचण महिरप नाहीशी होण्याची नाही. एकदा बोळाच्या तोंडाशी उभं राहून बघा, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काय बदललं ते. कोणी ओटा फोडून दोन गाड्यांची जागा केली. कोणी देवडीला लोखंडी शटर लावलं. माडीवर टिन चढलं, टिनावर काळी टाकी बसली. प्रत्येक खिडकीला कूलरचा लोखंडी स्टँड आला. आणि मग एक वाडा पडला, त्या जागी खाली गाड्या आणि वर चार मजले असं उभं राहिलं. यातलं शेवटचं काम सोडलं तर बाकी कशासाठीही कोणी नकाशा पास करायला जात नाही. वस्तीचं रूप या बारीकसारीक कामांनीच जातं, आणि तुमच्या मसुद्यात नेमकी हीच कामं नाहीत.

आता, कशावर काय अवलंबून आहे ते आधी मोकळेपणाने सांगतो. तुमच्या बोळात वारसा यादीतली एखादी इमारत आहे का, विकास आराखड्यातली रस्तारुंदीची रेषा बोळातून जाते का, आणि घरं मालकांच्या ताब्यात आहेत की भाडेकरूंच्या, या तीन प्रश्नांची उत्तरं बदलली की माझा सल्लाही बदलतो. हे तिन्ही शोधल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

यादीचं आधी. नागपूरला वारसा इमारतींची अधिसूचित यादी आहे आणि त्या पाहणारी हेरिटेज समितीही आहे. श्रेणी तीन. पहिल्या श्रेणीत इमारत टिकवायला अत्यावश्यक असेल तेवढंच काम करता येतं, आत आणि बाहेर दोन्हीकडे. दुसरीत आतले बदल आणि नवा वापर चालू शकतो, पण बाहेरच्या रूपाला हात लावायचा तर कसून तपासणी होते. तिसरी श्रेणी रस्त्याच्या एकूण देखाव्यात भर घालणाऱ्या इमारतींची. तिथे बरीच मोकळीक असते, पण परवानगी लागतेच. लोक याला घाबरतात. "यादीत नाव आलं की घर अडकलं" हे वाक्य महालात कोणाच्याही ओसरीवर ऐकायला मिळेल. भीती अगदीच खोटी नाही, त्यावर खाली येतो.

यादीबाहेरच्या साध्या घरांवर तुमचा मसुदा कायद्याने बंधनकारक होणार नाही. तो व्हायचा असेल तर विकास नियंत्रण नियमावलीत शिरावा लागेल, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालचा फेरबदल, हरकती-सूचना, शासनाची मंजुरी. हे होतं, मुंबईचे वारसा नियम १९९५ साली असेच नियमावलीत आले. पण त्याला वेळ लागतो आणि पाठीशी माणसं लागतात. म्हणून मी सांगतो की मसुदा दोन भागांत करा. एक भाग शेजाऱ्यांनी आपसात पाळायचा, ज्याला कोणाच्या सहीची गरज नाही. दुसरा महापालिकेकडे मागणी म्हणून द्यायचा, ज्यात रस्त्याची रेषा, उंची, पुढची मोकळी जागा हे येईल. दोन्ही एकत्र कालवले की शेजारी म्हणतात "हे तर महापालिकेचं काम", आणि महापालिका म्हणते "हे तर तुमचं आपसातलं".

मग वस्तीचं रूप म्हणजे नेमकं काय? तुमच्या मसुद्याने मनात धरलंय की महाल म्हणजे भोसलेकालीन वाडे. जागेवर तसं नाही. शहर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. भोसले त्यानंतर आले. त्यांचा मोठा राजवाडा १८६४ साली जळाला आणि मागे नगारखाना उरला. १८६७ ला रेल्वे आली, १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली, शहरात पैसा खेळू लागला, आणि त्या पैशातून बांधलेली विटांची, बिडाच्या कठड्यांची घरं महाल-इतवारीत आजही आहेत. त्यानंतर सिमेंट आलं आणि गोल कोपऱ्यांची, आडव्या छज्ज्यांची दुमजली घरं झाली. ही सगळी घरं एकाच बोळात खांद्याला खांदा लावून उभी असतात. १९४० च्या सुमाराच्या गोल गॅलरीवर तुम्ही महिरप चिकटवायला लावलीत तर एक खरी जुनी गोष्ट मोडून खोटी जुनी गोष्ट उभी केली असं होईल. १९६४ च्या व्हेनिस सनदेपासून, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांपासून, संवर्धनातले लोक हेच सांगत आलेत की प्रत्येक काळाने घातलेल्या भरीचा मान राखा, आणि नव्याने जोडलेलं नवं म्हणून ओळखू येऊ द्या.

म्हणून पहिलं काम पट्टी घेऊन मोजण्याचं. बोळाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्या घरांचे दर्शनी भाग एका लांब कागदावर, १:१०० मापात, एकाला एक लागून काढा. प्रत्येक घराचं जोतं रस्त्यापासून किती, पहिल्या मजल्याची पाटणी, म्हणजे तळ, किती उंचीवर, कठड्याची वरची कड किती, एका खणाची, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्याची, रुंदी किती, आणि भिंतीचा किती भाग दारं-खिडक्यांचा. तुम्ही इंजिनिअर आहात, हे तुम्हाला अवघड नाही. आर्किटेक्चरच्या दोन-चार विद्यार्थ्यांना हाताशी घ्या. हा कागद पुरा झाला की मसुदा निम्मा आपोआप लिहून होतो. घरं वेगवेगळ्या काळातली असूनही काही मापं सारखी निघतात. खण बहुतेक ठिकाणी एकाच पट्टीत बसतात, कारण तुळईच्या सागाला एक लांबी असते आणि ती ओलांडून सुतार जात नसे. कठड्याची कड एका ठरावीक उंचीच्या आसपास खालीवर होते. बोळ एकसंध दिसतो तो या मापांमुळे. नक्षीमुळे नव्हे.

नियम विशेषणांनी लिहू नका, मापांनी लिहा, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच. "नवी इमारत परिसराशी सुसंगत असावी" या वाक्यातून बिल्डरही सुटतो आणि अधिकारीही. "खणाची रुंदी शेजारच्या दोन घरांच्या मापांच्या दरम्यान असावी" यातून सुटणं कठीण.

सगळ्यात मोठा मुद्दा रस्त्याच्या रेषेचा. महालात घराची भिंत हीच रस्त्याची कड असते. पुढे अंगण नाही, कंपाउंड नाही. अंगण आत, चौकात. आणि बांधकामाचे नियम, दाट वस्तीसाठी सवलत दिली तरी, नव्या इमारतीला मागे सरकवू पाहतात. आज एक प्लॉट मागे सरला, दहा वर्षांनी दुसरा. रस्ता रुंद होत नाही, मधे मधे खाचा पडतात, आणि त्या खाचांत गाड्या, जनरेटर, पानठेला. रुंदी वाढलेली फक्त कागदावर. महापालिकेकडे काय मागायचं असेल तर पहिली मागणी ही: या बोळात नव्या इमारतीची दर्शनी भिंत जुन्या रेषेवरच यावी, आणि पुढे सोडायची जागा आत चौक म्हणून सोडायची मुभा असावी. आगीच्या बंबाचा प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर बोळागणिक वेगळं. कुठे दुसऱ्या टोकाने वाट आहे, कुठे पाण्याची जोडणी बोळाच्या तोंडाशी देता येते, आणि कुठे खरंच काही करता येत नाही, तिथे हट्ट धरू नये.

आणि हाच नियम सिव्हिल लाइन्सला लावला तर तिथलं वाटोळं होईल, हे मुद्दाम सांगतो, कारण एकाच शहराला एकच नियमावली असावी असं लोकांना वाटतं. सिव्हिल लाइन्सचं रूप म्हणजे बंगल्यापुढची मोठी मोकळी जागा, बुटकी कंपाउंड भिंत, तिच्यावरून दिसणारा व्हरांडा आणि जुनी झाडं. तिथे भिंत रस्त्यावर आणली की संपलं. तिथे नियम झाडांचे आणि कंपाउंडच्या उंचीचे हवेत. महालात पुढे जागा सोडायची नाही, तिथे सोडायलाच हवी.

रस्तारुंदीची रेषा तुमच्या घरांवरून जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. केळीबाग रस्त्याचं रुंदीकरण आपण सगळ्यांनी पाहिलंय. अशा कामात घराचा पुढचा खण-दोन खण जातो, उरलेल्या कापलेल्या घराला मालक घाईघाईने विटांची सपाट भिंत घालतो आणि वर जाहिरातीचा बोर्ड चढवतो. तुमच्या मसुद्यात यासाठी एक पान ठेवा. पाडायच्या आधी दर्शनी भागाची मापं आणि फोटो घ्यायचे, दारं, कठडे, तुळया उतरवून ठेवायच्या, आणि नवी दर्शनी भिंत जुन्याच खणांच्या मापाने बांधायची. खर्च थोडा वाढतो. पण त्या वेळी मालकाच्या हातात मोबदला असतो आणि मिस्त्री कामावर आलेलाच असतो. यापेक्षा बरी वेळ पुन्हा येत नाही.

उंचीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे लोक "दोन मजल्यांच्या वर नको" असं एका ओळीत लिहून मोकळे होतात आणि मग पहिल्याच घरी भांडण होतं. चार भाऊ एका वाड्यात राहतात, मुलं मोठी झाली, खोल्या हव्यात. त्यांना वर चढू नका म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? विचारायचा प्रश्न असा, की वरचा मजला बोळातून दिसतो का. समजा तुमचा बोळ दोन भिंतींमध्ये ४.५ मीटर आहे, जुन्या घराचा कठडा ७ मीटरवर संपतो, आणि बघणारा समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा आहे. डोळा जमिनीपासून १.५ मीटरवर. म्हणजे नजर ४.५ मीटर आडवी जाताना ५.५ मीटर वर चढते, दर मीटरला सुमारे १.२ मीटर. कठड्याच्या मागे ३ मीटर सरकलात तर नजरेची रेषा तिथे जवळजवळ १०.७ मीटरवर पोचलेली असते. मग ३ मीटरचा आणखी एक मजला त्या रेषेखाली आरामात लपतो, वर अर्ध्या मीटरचा कठडाही घाला. बोळातून कोणाला कळणारही नाही.

पण हेच घर १२ मीटरच्या रस्त्यावर असेल तर? आता नजर दर मीटरला अर्धा मीटरही चढत नाही. तोच मजला कठड्यासकट लपवायला साडेसात मीटरहून थोडं जास्तच मागे जावं लागेल, आणि तेवढ्यात पुष्कळ घरांची पुढची पडवीच काय, अर्धं घर संपतं. म्हणून "वरचा मजला ३ मीटर मागे" हा आकडा दुसऱ्या शहराच्या पुस्तकातून उचलला की तो तुमच्याकडे एक तर फुकट जातो नाही तर जाच होतो. अरुंद बोळात मागे सारण्याचा नियम चालतो. रुंद रस्त्यावर तो सोडून द्या आणि वरचा मजला दिसेल हे मान्य करून तो कसा दिसावा ते लिहा. आणखी एक: हे गणित समोरून बघण्याचं आहे. बोळाच्या तोंडाच्या चौकातून तिरपं बघितलं आणि शेजारचं घर बुटकं असलं, तर बाजूची उघडी वीट लांबून दिसते. बाजूच्या भिंतीला गिलावा आणि रंग हवाच, ही एक ओळ घाला. नागपुरातल्या अर्ध्या नव्या इमारतींच्या बाजू वर्षानुवर्षं उघड्या असतात, आणि जुन्या वस्तीत डोळ्याला सगळ्यात जास्त तेच टोचतं.

आता खालच्या पातळीवर या. रस्त्यावर थरावर थर चढत जातात, मग सिमेंटचा रस्ता होतो, आणि जे जोतं कधी तीन पायऱ्या वर होतं ते एका पायरीवर येतं, नाही तर रस्त्याच्याही खाली जातं. पावसाचं पाणी देवडीतून चौकात. मालक मग आत भर घालतो, फरशी उचलतो, दाराची चौकट खालून कापतो. घराचं प्रमाणच बिघडतं, आणि भिंत बारा महिने ओली राहते. यावर घरमालकाने पाळायचा कुठलाही नियम उपयोगाचा नाही. मागणी महापालिकेकडेच करायची की नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढावा आणि रस्त्याची पातळी घरांच्या जोत्यांच्या मापावरून ठरवावी. तुमच्या १:१०० च्या कागदावर जोत्यांची मापं असतील तर ही मागणी तोंडी राहत नाही.

त्या ओल्या भिंतीचं पुढे काय होतं ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. महालातलाच एक वाडा, ओसरीला सागाचे खांब, खाली दगडी तळखडे. मालकांची तक्रार अशी की ओसरीचा एक कोपरा खचल्यासारखा वाटतो. वरून खांब झकास, तेलपाणी केलेला. पण ओसरीत फरशी बसवताना खांबाच्या पायथ्याशी चारही बाजूंनी सिमेंटचा जाड कोबा चढवलेला, तळखडा दिसतच नव्हता. हातोडीच्या दांड्याने वरून खाली ठोकत आलो. वर खणखणीत आवाज, खाली वीतभर उंचीवर भद्द. कोबा छिनीने हळूच फोडला तर आत लाकूड नव्हतंच, तपकिरी भुगा होता, बोटाने उकरला तर बाहेर यायचा. बाजूच्या भिंतीलाही कंबरेपर्यंत सिमेंटचा गिलावा. तो एका बाजूने उचकटला तर मागे लोणा लागलेली वीट, पांढरी भुकटी. ज्या मिस्त्रीने हे केलं होतं त्याचं म्हणणं सरळ होतं: "चुना झडत होता साहेब, सिमेंट मारून दिलं, पक्कं होऊन गेलं."

त्याचा हेतू वाईट नव्हता. चुन्याचा गिलावा झडतो, कारण ओल त्याच्यातून बाहेर पडते आणि क्षार त्याच्यावर येतात. झडणं हे त्याचं कामच आहे, काही वर्षांनी तेवढा भाग नवा करायचा. सिमेंट ओलीला बाहेर पडू देत नाही. मग ती भिंतीत वर चढते, कडेने खांबात शिरते, आणि बाहेरून सगळं पक्कं दिसत असताना आतून पोखरत जाते. त्या खांबाचं पुढे असं केलं: ओसरीला टेकू दिला, खांब चांगलं लाकूड लागेपर्यंत कापला, जुन्या सागाचा तुकडा अर्ध्यात अर्धा बसवून सांधला, आणि तळखडा पुन्हा मोकळा केला. अख्खा खांब बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात पडलं.

म्हणून तुमच्या आपसातल्या भागात पहिली ओळ मी ही लिहीन: चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या खालच्या हातभर-दोन हात भागाला सिमेंट नको, आणि लाकडी खांबाच्या पायाशी कोबा नको. आरसीसीच्या घरांना सिमेंट खुशाल वापरू द्या, तिथे चुन्याचा हट्ट म्हणजे उगाच कौतुक. आणि चुन्याचं काम कधी करायचं तेही लिहा. चुना ओलसर राहून हळूहळू हवेतला वायू घेतो आणि घट्ट होतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत तो केव्हाच वाळतो आणि हाताला पीठ लागतं, मग लोक म्हणतात चुन्यात आता दम नाही राहिला. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीपासून माघापर्यंत काम धरा, वरून ओली बारदानं लावा, थर पातळ ठेवा. सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घातली तर ओल्या जागेतही तो धरतो.

आता कूलर. हसू नका, बाहेरच्या कुठल्याही पुस्तकात हा विषय सापडणार नाही आणि नागपुरात याच्याशिवाय नियम पुरा होऊ शकत नाही. मार्च संपता संपता खिडकीबाहेर लोखंडी स्टँड लागतो, त्याचे पाय भिंतीत ठोकलेले, वर पत्र्याचा कूलर, खाली थेंब थेंब पाणी. ते पाणी खिडकीच्या उंबऱ्यावर, तिथून गिलाव्यात, तिथून जोत्यात. चार महिने रोज. जुन्या घराच्या दर्शनी खिडकीची चौकट खालून कुजलेली दिसली की मी आधी कूलर कुठे लागतो ते विचारतो. कूलर बंद करा असं म्हणायची सोय नाही, आणि एसी लावा म्हणणं म्हणजे बाहेरच्या युनिटचा नवा प्रश्न. वाड्याला चौक असेल तर कूलर चौकाच्या बाजूला. हवा तिथे थंडही असते. चौक नसेल तर पुढे चालेल, पण स्टँड जमिनीवर उभा राहणारा, भिंतीत न ठोकलेला. पाण्याला नळी, ती नालीपर्यंत. आणि मृग लागला की स्टँडसकट आत. वर्षभर रिकामा गंजत राहणारा स्टँड हा खरा शत्रू. शेजाऱ्यांच्या बैठकीत हा नियम सगळ्यात आधी मांडा. त्यात कोणाचं काही जात नाही, सगळ्यांना पटतो, आणि एकदा एक नियम पाळला गेला की पुढचे जड जात नाहीत.

शटरबद्दल एवढंच की दुकान बंद करू नका. महाल-इतवारी दुकानांवर जगतात, आणि खाली दुकान वर घर ही रीत शटरपेक्षा जुनी. शटर खणाच्या आत, खांबाच्या मागच्या बाजूला बसवा, दोन खण फोडून एक मोठं भोक करू नका. पाटी पहिल्या मजल्याच्या पाटणीखाली, एका खणाच्या रुंदीची. प्लास्टिकच्या मोठ्या फ्लेक्सने अख्खी माडी झाकली जाते, ते नको.

एका रंगाचा आग्रह सोडून द्या. जयपूरला एक रंग शोभतो कारण तिथे तो आधीपासून शहराचा आहे. महालात कधीच नव्हता. रंग कोणता यापेक्षा रंग कशाचा हे बघा. जुन्या भिंतीवर चुन्याचा हात देऊन त्यात रंग मिसळा. प्लास्टिक पेंटने तीच सिमेंटवाली गत होते.

नव्या इमारतींना महिरप, फायबरचे खांब, पीओपीची नक्षी यांची सक्ती करू नका. खणाचं माप, जोत्याची उंची, उभ्या आकाराच्या खिडक्या, कठड्याची कड, भिंत रस्त्याच्या रेषेवर. इतकं साधलं की साधी आरसीसी इमारतही बोळात मुकाट बसते. आणि वायरी, मीटरच्या पेट्या, गॅलरीचे पुढे आलेले भाग यांची उंची ठरवताना मारबतीचा विचार करा. तान्ह्या पोळ्याला काळी-पिवळी मारबत, बडगे हे मोठे पुतळे मिरवणुकीने ज्या रस्त्यांनी जातात तिथे वरचा मोकळा भाग हा वस्तीच्या वारशाचाच भाग आहे. कोणाच्या नकाशात तो दिसत नाही, म्हणून तुम्हीच दाखवा.

राहता राहिला पैसा. इथे माझ्याकडे जादूची कांडी नाही. वाड्याच्या सातबाऱ्यावर नसली तरी सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर दहा-पंधरा नावं असतात, त्यातली निम्मी पुण्यात नाही तर परदेशात. भाडेकरू जुन्या दराने राहतो, तो दुरुस्ती करत नाही. मालकाला भाड्यातून परवडत नाही, तोही करत नाही. पाडून बांधणं हा दोघांना सुटकेचा मार्ग वाटतो, आणि बिल्डर तेच घेऊन येतो. यादीतल्या इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क, मिळण्याची तरतूद आहे, पण ती वापरायला मालकी स्वच्छ लागते, आणि नेमकी तीच नसते. म्हणून वारसांचा कागद आधी नीट करा, वाटणीपत्र नाही तरी निदान दुरुस्तीसाठी एकाला अधिकार देणारं मुखत्यारपत्र. हे काम आर्किटेक्टचं नाही, वकिलाचं आहे. पण मी पाहिलेल्या वाड्यांपैकी पुष्कळ वाळवीने नव्हे, या कागदाअभावी पडले.

मसुदा किती सविस्तर असावा असं विचाराल तर आपसातला भाग चार पानांच्या वर नको. प्रत्येक नियमाशेजारी तुमच्याच बोळातला एक फोटो, बरं उदाहरण आणि वाईट उदाहरण; वाईट उदाहरणात घर ओळखू येऊ देऊ नका, नाही तर पहिल्याच बैठकीत अबोला. भाषा अशी हवी की मिस्त्रीला आणि सुताराला वाचून दाखवता येईल, कारण शेवटी छिनी त्यांच्या हातात असते. एका बैठकीला त्यांनाही बोलवा, चहा पाजा. "हे करायचंच", "हे केलं तर बरं" आणि "हे चालेल" असे तीन कप्पे ठेवा, आणि पहिल्या कप्प्यात पाच-सहाच्या वर काही घालू नका.

यादीतली इमारत निघाली तर मात्र साधा गिलावा उतरवण्याआधीही अर्ज करा. आणि तुमच्या बोळाची भिंत ते भिंत रुंदी आणि जुन्या घरांच्या कठड्याची सरासरी उंची मोजून कळवलीत तर वरचा मजला किती मागे घ्यायचा तो आकडा मी काढून देईन.